किट कारचा पीसीडी: पुढे ४×१००, मागे ४×११४.३. ड्रिल मारू की अ‍ॅडॅप्टर लावू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लोटस सेव्हन या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या धाटणीची एक अर्धवट किट कार (सुटे भाग घरी जोडून केलेली) मित्राकडून घेतली आहे. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. चौकोनी नळ्यांची चासी, जिप्सीचं १.३ इंजिन आणि गिअरबॉक्स, मागे ओम्नीची अख्खी अ‍ॅक्सल, पुढे सँट्रोचे नकल (हब धरणारा, वळणारा भाग) आणि हब (चाक बसतं तो फिरणारा भाग). वेल्डिंग झकास आहे. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग बाकी.

घोडं अडलंय चाकांपाशी. सँट्रोचा पीसीडी ४×१००, ओम्नीचा ४×११४.३. पुढचं चाक मागे बसत नाही, मागचं पुढे बसत नाही. स्टेपनी ठेवायची तर कुठली? मला चारही चाकं ४×१०० हवी आहेत, कारण त्या मापात मॅगव्हील (अलॉय चाकं) ढिगानं मिळतात. तीन रस्ते दिसतात: मागच्या शाफ्टच्या फ्लँजला (टोकाच्या चकतीला) नवीन होल पाडणं, अ‍ॅडॅप्टर लावणं (हब आणि चाकाच्या मधली जोडचकती), किंवा पुढचे हबच बदलून सगळं ११४.३ करणं. कुणी केलंय का?

गाडी पैठण रोडच्या आमच्या शेतात आणि जमलं तर एखाद्या ट्रॅकवर चालवणार आहे. त्यामुळे आरटीओचं प्रवचन नको, ही नम्र विनंती.

टपरीवरचा
पीसीडी म्हणजे काय ते आमच्यासारख्या अडाण्यांना कुणी सांगेल का? बाकी गाडीचा फोटो टाका, नाहीतर धागा फाऊल.

वाळूजकर
@टपरीवरचा, चाकाच्या नटांच्या मध्यांतून एक गोल काढायचा, त्या गोलाचा व्यास म्हणजे पीसीडी. चार होल असतील तर समोरासमोरच्या दोन होलांच्या मध्यांमधलं अंतर घ्या, झालं. पाच होल असले की समोर कुणी नसतं, तिथं लोक टेप धरून गोंधळतात. तेव्हा शेजारच्या दोन होलांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७०१३ नं गुणा. जिप्सीचं ८२.१ भरतं, गुणलं की १३९.७. हे १३९.७ म्हणजे साडेपाच इंच, जुन्या विलीज जीपपासून चालत आलेलं. ११४.३ म्हणजे साडेचार इंच.

गोदाकाठ, टेपनं मोजू नका. व्हर्नियर घ्या, एका होलाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे मध्य शोधत बसावं लागत नाही.

डिझेलभक्त
तीनही रस्ते सोडा. नॅनोचे हब लावा. तीनच नट, पंक्चर काढायला पाऊण वेळ.

शेंद्रा_पाचहोल
शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे आणि आपण अजून चार होलांवर भांडतोय. पहिली ऑक्टाव्हिया ५×१००, पोलो ५×१००. भंगारात मॅगव्हील मिळतात. पाच होल मारा, गाडीला रुबाब येईल.

वाळूजकर
रुबाब येईल, पण त्याचे बोल्ट एम१४ (१४ मिमी जाड), बसायची जागा गोल, बोअर (चाकाचं मधलं भोक) ५७.१. पुढे सँट्रोचा ५४.१. एक प्रश्न सोडवायला चार नवे आणायचे.

मिस्त्री_लातूर
गोदाकाठ भौ, मी लेथवाला हाय, उसाच्या ट्रॉल्यांचे हब माझ्याकडं येतेत. ड्रिल मारता येतं, पण कुठं मारायचं ते आधी ठरवा. जुन्या होलाच्या रेघेवरच नवं होल मारलं तर दोन्हींच्या मध्यात जेमतेम ७ मिमी अंतर राहतंय. १२ मिमीच्या होलाला ७ मिमी म्हंजे दोन्ही होल एकमेकांत घुसतेत. आठचा आकडा होतोय, हब नाही. म्हणून ४५ अंश फिरवून, जुन्या दोन होलांच्या बरोबर मधी मारायचं. तसं मारलं की जुन्या-नव्या मध्यांत ४१ मिमीच्या वर अंतर सुटतंय. तेवढं मटेरिअल बास हाय.

अन् काही लोक जुनी होलं वेल्डिंगनं भरून त्याच जागी मारतेत. तसलं करू नका. शाफ्ट साध्या लोखंडाचा नसतोय, वेल्डच्या कडेला कडक होऊन तडकतोय. आज नाही तडकला तर उसाच्या सीझनला तडकतोय.

गोदाकाठ
मिस्त्री, माझ्या गाडीत ऊस नाही हो भरणार. 😀 पण ४५ अंशांचं पटलं. फ्लँज रेडियल ड्रिलवर मारायचा की व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर)?

मी_नांदेडची
मी नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला असताना बाहा (कॉलेजांची ऑफ-रोड बग्गी बनवायची स्पर्धा) टीममध्ये होते, तिथं हब आम्हीच बनवायचो. रेडियल ड्रिलवर पंच मारून, कंपास फिरवून केलेलं काम बघायला ठीक दिसतं, पण एक होल ०.३ मिमीनं सरकलं की चाक हबवर ताणून बसतं आणि गाडी ६० च्या पुढे थरथरते. व्हीएमसीच हवा, आणि सेटिंग करताना जुन्या स्टडच्या (नट चढतो त्या दांड्याच्या) होलांवरून मध्य घेऊ नका. फ्लँजच्या मधला जो उंच गोल भाग आहे, त्यावर डायल गेज लावून मध्य काढा. ड्रम आणि चाक दोन्ही त्याच गोलावर बसतात.

दोन गोष्टी शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय दिसणार नाहीत. एक, नवीन स्टडचं डोकं फ्लँजच्या मागे येईल, तेही आधीपेक्षा सात मिमी आत. मागे बेअरिंगची धरपट्टी आणि तिचे नट असतात. डोकं फिरताना त्यांना घासतंय का, हे मातीचा गोळा लावून बघा. दोन, काही शाफ्टच्या फ्लँजला धरपट्टीचे नट उघडण्यासाठी मोठी खिडकी असते. नवीन होल तिच्यात फुटलं तर सगळं वाया.

ड्रमही त्याच मापानं ड्रिल करावा लागेल हे विसरू नका. आणि हो, चाक फक्त नटांवर 'टांगलेलं' असतं हा समज काढून टाका. नट चाकाला हबवर दाबतो, आणि भार त्या दोन चपट्या तोंडांमधल्या घर्षणावर जातो. म्हणून त्या तोंडांवर रंग मारायचा नाही. पावडर कोटिंगवाल्याला आधी बजावा, तो सगळं रंगवून देतो.

टपरीवरचा
बाहाची चाकं कसली असतात? एटीव्हीची?

मी_नांदेडची
हो. त्यांचा पीसीडी आणखी वेगळा. एटीव्हीत ४×११० खूप, पोलॅरिसचा ४×१५६. आम्ही एकदा चाकं एका मापाची मागवली, हब दुसऱ्या मापाचे बनवले. सरांनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

हिमरू
मुळात ही किट कार भानगड इंग्लंडची. लोटस सेव्हन १९५७ ची, कॉलिन चॅपमनची. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या पेटीवर नाही, म्हणून लोक गाडी पेटीत घ्यायचे आणि घरी जोडायचे. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅमला दिले.

गोदाकाठ, हे सांगण्याचं कारण असं की नेटवर सापडणारे बहुतेक नकाशे आणि मापं फोर्ड एस्कॉर्टच्या मागच्या अ‍ॅक्सलवर बेतलेली असतात, पीसीडी ४×१०८. नंतरच्या गाड्यांत माझदा एमएक्स-५ चे भाग, तो ४×१००. तिथल्या अ‍ॅडॅप्टरच्या जाहिराती वाचून इथं मागवू नका. आपल्याकडं १०८ फिगो-आयकॉनला आहे, ओम्नीला नाही. आपल्या अलिबागकडच्या चिंकारानंही सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर काढली होती, इसुझुच्या १.८ इंजिनाची. ती कुणाच्या ओळखीत असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे.

बिनदास्त_बीड
अ‍ॅडॅप्टर लावा हो, एवढं काय. माझ्या थारला मागे लावलेत, काही झालं नाही.

मी_नांदेडची
@बिनदास्त_बीड, स्पेसर की अ‍ॅडॅप्टर? पीसीडी बदललाय का?

बिनदास्त_बीड
पीसीडी तोच. गाडी रुंद दिसावी म्हणून लावलेत.

वाळूजकर
मग तो स्पेसर, नुसती चाक बाहेर सरकवणारी चकती. अ‍ॅडॅप्टरला दोन संच नट लागतात: एक अ‍ॅडॅप्टर हबवर धरणारे, दुसरे चाक अ‍ॅडॅप्टरवर धरणारे. आतले नट चाकाच्या तोंडाखाली बुडाले पाहिजेत, म्हणून जाडी २०–२५ मिमीच्या खाली जात नाही. दोन्ही बाजूंनी धरली तर मागच्या दोन चाकांमधलं अंतर ४०–५० मिमी वाढतं. सेव्हनसारख्या गाडीला मडगार्ड चाकाला चिकटून असतात, तिथं ५० मिमी म्हणजे मडगार्ड नव्यानं. शिवाय चाक बेअरिंगपासून बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढतो. ओम्नीची अ‍ॅक्सल मुळात ८०० सीसीच्या इंजिनासाठी. तिच्यावर जिप्सीचे ८० हॉर्सपॉवर आणि वर अ‍ॅडॅप्टर, नको.

गाडी हलकी आहे म्हणून अ‍ॅक्सल टिकेल, हे मान्य. पण लाँच-बिंच (उभ्या गाडीला फुल रेस देऊन एकदम सोडणं) करू नका.

बिनदास्त_बीड
थारवाल्या मित्रालाही सांगतो. नवी थार ६×१३९.७ आहे, त्याला माझे स्पेसर हवे होते, बसलेच नाहीत. 😂

कायदा_कानून
धाग्यात म्हटलंय प्रवचन नको, तरी एक ओळ लिहितोच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. उत्पादकाच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही. तुमच्या गाडीला तर उत्पादकच नाही. शेतातून गेटबाहेर काढू नका. ट्रॅकवर न्यायची तर ट्रकवर घालून न्या.

गोदाकाठ
कायदासाहेब, एक ओळ म्हणालात, सहा झाल्या. पण मान्य. शेतातच.

मिस्त्री_लातूर
अ‍ॅडॅप्टरचं एक सांगायचं राहिलं. माझ्याकडं एकानं तुटलेले स्टड आणले होते. कुठल्यातरी वर्कशॉपमधून जालन्याच्या सळईच्या गोळ्यातून अ‍ॅडॅप्टर खराडून घेतला होता. सळई बांधकामाला एक नंबर हाय, हबला नाही. तुटलेल्या स्टडचं तोंड बघितलं तर लाकडाच्या ओंडक्यावर असतेत तशा बारीक वलयांच्या रेघा, एका कडेपासून सुरू होऊन आत गेलेल्या, अन् शेवटचा तुकडा खरबरीत. म्हंजे एकदम तुटला नाही, रोज थोडा थोडा तुटत आला. नट ढिला होता, चाक रोज हलत होतं. ट्रॉलीत बी हेच होतंय. उगं 'मटेरिअल खराब' म्हणून ओरडतेत, नट कोणी तपासत नाही.

अ‍ॅडॅप्टर करायचाच तर ईएन २४ (मिश्र पोलाद) घ्या, अन् स्टड नर्लिंगवाले (अंगावर खाचा असलेले) प्रेसनं बसवा, हातोड्यानं नाही.

पान्हा_अठरा
नटाचाच विषय निघालाय तर माझा मुद्दा. पीसीडीपेक्षा मोठी गडबड आटे आणि सीटची (नट चाकावर टेकतो त्या जागेची). सुझुकीचे स्टड एम१२×१.२५ (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी), ह्युंदाईचे एम१२×१.५. दोन्ही नट दिसायला सारखे. चुकीचा नट दोन-तीन आटे हातानं जातो, मग अडतो, आणि टायरवाला वरून एअर गन मारतो. आटे खल्लास. गोदाकाठच्या गाडीत पुढे १.५, मागे १.२५ असणार. अंधारात कोण ओळखणार?

मग सीट. मारुती-ह्युंदाईला शंकूच्या आकाराची, ६० अंश. होंडाच्या मूळ चाकांना गोल सीट, ५६.१ बोअर. होंडा सिटीचे मॅगव्हील ४×१०० आहेत म्हणून उचलले आणि शंकूचे नट लावले, तर नट फक्त एका रेघेवर टेकतो. आवळताना कडक लागतो, पन्नास किलोमीटरनंतर ढिला. सिटीचे मॅग घ्याल तर गोल सीटचे नट आधी शोधा.

हिमरू
बोअरचं काय? होंडाचा ५६.१, सँट्रोचा ५४.१. मध्ये रिंग लागेल ना? रिंगशिवाय चाक मध्यावर बसत नाही.

पान्हा_अठरा
शंकूचा नट स्वतःच मध्य काढतो. रिंग असली तर उत्तम, नसली तर आभाळ कोसळत नाही. प्लॅस्टिकची रिंग भार घेत नाही, फक्त चाक लावताना मदत करते. चाक हवेत उचलून, नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळले की झालं.

हिमरू
म्हणजे मी अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगांवर पैसे उडवले?

पान्हा_अठरा
उडवले नाहीत, मनःशांती विकत घेतली. 😀 माझ्या मते तरी.

मी_नांदेडची
यावर मी पान्हा_अठरांशी अर्धी सहमत. गॅरेजमध्ये चाक नीट लावलंत तर शंकू पुरतो. रस्त्याकडेला, जॅकवर, एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेणाऱ्याच्या हातात रिंग नसलेलं चाक हमखास तिरकं बसतं. रिंग असू द्या.

टपरीवरचा
किती आवळायचं? आमचा टायरवाला पाय देऊन उड्या मारतो.

पान्हा_अठरा
एम१२ ला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर हिशोब सोपा: अर्ध्या मीटरच्या पान्ह्याच्या टोकाला वीस किलोचा जोर दिला की जवळपास १०० होतात. उडी मारली तर कितीतरी पट. आणि नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे: १.५ च्या आट्यात आठ फेरे, १.२५ मध्ये साडेनऊच्या पुढे. जाड मॅगव्हीलला मूळ स्टड अपुरे पडतात, मोजून घ्या. नवीन चाक लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी परत तपासा.

वाळूजकर
विषयांतर, पण महत्त्वाचं. गोदाकाठ, तुमचे पुढचे हब सँट्रोचे, म्हणजे मूळचे इंजिनानं फिरणारे. आता ते निस्ते फिरणार. आतमध्ये सीव्ही जॉइंटचा (इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या सांध्याचा) बाहेरचा तुकडा आणि त्याचं मोठं नट ठेवलंय ना? त्या तुकड्यानंच बेअरिंगचे दोन्ही भाग दाबून धरलेले असतात. 'पुढे ड्राइव्ह नाही, कशाला हवा' म्हणून कुणी काढून टाकला असेल तर बेअरिंग उघडं पडतं आणि वळणावर चाक हबसकट बाहेर यायला बघतं.

गोदाकाठ
आत्ता शेडमध्ये जाऊन पाहून आलो. डावीकडे आहे, उजवीकडे नाही. उजवीकडे एक बोल्ट आणि दोन वॉशर घातलेत. वाळूजकर, तुमच्या पाया पडतो.

मिस्त्री_लातूर
वॉशर!! देवा. ते आधी काढा. पीसीडी-बिसीडी नंतर.

डिझेलभक्त
बंगळूरला पळालेल्या मित्राला आता फोन लावा.

गोदाकाठ
लावला. म्हणतो 'तात्पुरतं लावलं होतं'. सीव्हीचा तुकडा भंगारातून आणतो, शाफ्ट कापून मुंडी तेवढी घेतो.

बरं, मूळ प्रश्नाकडे. आतापर्यंतचं मत असं दिसतंय की अ‍ॅडॅप्टर नको, ड्रिल ४५ अंशांवर, व्हीएमसीवर. वाळूजला कुणी दोन शाफ्ट आणि दोन ड्रमचं काम घेईल का? मोठे कारखाने सुटं काम घेत नाहीत.

शेंद्रा_पाचहोल
सुटं काम घेणारी छोटी युनिट वाळूजच्या गल्ल्यांत भरपूर आहेत, पण ते आधी ड्रॉइंग मागतील. हातानं काढलेलं चालतं, मापं आणि टॉलरन्स लिहा. शनिवारी दुपारनंतर मशीन रिकामं असतं, तेव्हा जा.

चारचाकी_धाराशिव
सगळे प्रतिसाद वाचले. एक साधी शंका. तुम्ही आठ होलांचे मॅगव्हील का घेत नाही? बाजारात १३ आणि १४ इंचात ४×१०० आणि ४×११४.३ दोन्ही होलं असलेले मॅग सर्रास मिळतात, दुकानदार एकच माल ठेवून दोन्ही गाड्यांना विकतो. तेच चाक पुढे १०० वर लावा, मागे ११४.३ वर लावा. स्टेपनी एकच. ना शाफ्ट काढायचा, ना ड्रम, ना व्हीएमसी.

टपरीवरचा
👏👏 एवढ्या प्रतिसादांनंतर हे??

मी_नांदेडची
बरोबर आहे, मलाही सुचायला हवं होतं. फक्त घेताना होलांच्या कडेचं मटेरिअल बघा. स्वस्त चाकांत दोन होलांमधली भिंत बारीक असते. आणि १०० वाल्या होलांची सीट मधल्या गोलाच्या काठाला लागत नाही ना, तेही.

वाळूजकर
आट्यांचा प्रश्न मात्र राहतोच. पुढे १.५ चे नट, मागे १.२५ चे. शेतात पंक्चर झालं की हमखास अदलाबदल होणार. मागचे स्टड दाबून काढा आणि १.५ चे बसवा. फ्लँजच्या होलात नर्लिंग घट्ट बसतंय का तेवढं मोजा. ढिलं असेल तर स्टड नट सोडवताना फिरत राहतो आणि ग्राइंडरनं कापावा लागतो.

पान्हा_अठरा
तोपर्यंत मागच्या नटांवर लाल रंगाचा ठिपका द्या. तोंडावर नको, डोक्यावर.

हिमरू
फोटो टाकला नाही अजून.

गोदाकाठ
टाकतो, शेडमध्ये उजेड कमी आहे. आठ होलांचे मॅग उद्या बघतो, शहागंजकडे एका दुकानात १३ इंची बघितलेले आठवतात. बोअर आणि सीट तिथंच मोजीन. नाही पटले तर शाफ्ट घेऊन मिस्त्रींकडे लातूरला येतो.

मिस्त्री_लातूर
या, पण शाफ्ट अन् ड्रम दोन्ही आणा, जोडीनं. निस्ता शाफ्ट आणून ड्रमचं माप फोनवर सांगूलालेत लोक. सोमवारी लाइट नसते, मंगळवारी या.